खातं भाड्यानं देऊ नका

आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा कॉलेजला, होस्टेलवर राहतो. मित्र म्हणाला, “तुझं खातं महिनाभर वापरायला दे, २,००० रुपये मिळतील.” पोरानं एटीएम कार्ड, सिम देऊन टाकलं. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरले. खातं गोठवलं गेलं, शिष्यवृत्ती त्यातच अडकली. यानं कुणाला फसवलं नव्हतं, पण खातं याच्या नावावर, चौकशी याचीच.

आज रात्री मुलांना विचारा, कार्ड, सिम, पासबुक कुणाकडे आहे? दिलं असेल तर सकाळीच बँकेत जा. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. आणि आधी ओरडू नका हो. ओरडा बसेल म्हणूनच आमच्या पोरानं तीन आठवडे लपवलं.