गाठींमध्ये राहिलेली साक्ष

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी, आजच्या पेरू देशातल्या काहामार्का गावच्या चौकात, स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिझारोनं इंका सम्राट अताहुआल्पाला दग्यानं पकडलं. पिझारोबरोबर माणसं होती अवघी १६८. सम्राटानं सुटकेसाठी सोन्याचांदीची रास ओतली, तरी पुढच्या वर्षी त्याचा गळा आवळण्यात आला. मूठभर स्पॅनिशांनी घोडे आणि पोलादी तलवारी यांच्या जोरावर साम्राज्य घेतलं, असं यावरून सांगितलं जातं. ही हकिगत अपुरी आहे.

अताहुआल्पा आणि त्याचा सावत्र भाऊ हुआस्कार यांच्यातलं गादीचं युद्ध नुकतंच संपलं होतं. देश पोळून निघाला होता. शिवाय इंकांनी जिंकलेल्या कान्यारी, चाचापोया, हुआंका अशा अनेक लोकांच्या मनात जुना राग धुमसत होता. खौखा खोऱ्यातल्या हुआंकांनी तर स्पॅनिशांना लढवय्ये दिले, हमाल दिले, मका, बटाटे आणि लामांचे कळप दिले.

हे आपल्याला कळतं ते त्यांच्या किपूंमुळे. दोरांना गाठी मारून हिशेब ठेवण्याची ही अँडीज पर्वतातली पद्धत. सुमारे पंचवीस वर्षांनी हुआंका प्रमुख हे किपू घेऊन लिमाच्या न्यायालयात उभे राहिले. गाठी वाचल्या गेल्या, कारकुनांनी त्या उतरवून घेतल्या. काय दिलं तेही त्यात होतं आणि स्पॅनिशांनी काय लुटून नेलं तेही.

१५३६ मध्ये इंका राजा मांकोनं स्पॅनिशांच्या ताब्यात गेलेल्या कुस्को या इंका राजधानीला वेढा घातला, तेव्हा आतले दोनशेहून कमी स्पॅनिश टिकले ते स्थानिक साथीदारांमुळे. तरीही इंकांचा प्रतिकार विल्काबांबाच्या डोंगरात १५७२ पर्यंत चालू राहिला. त्या वर्षी शेवटचा इंका राजा तुपाक अमारू याचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला.

हुआंकांना इंकांचं जोखड नको होतं. त्यांनी स्पेनची सत्ता मागितली नव्हती. त्यांच्या वाट्याला मात्र साथीचे रोग आले, खाणींतली वेठबिगार आली. त्यांना फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. साम्राज्याखाली भरडलेल्या माणसाला आलेला पाहुणा सोडवणारा वाटतो. त्याचा हेतू कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पेरूचा इतिहास सांगताना पिझारोच्या १६८ जणांइतकीच या हजारो माणसांची नोंद घेतली पाहिजे. त्यांनी आपला हिशेब चोख ठेवला होता. तो वाचण्याची जबाबदारी आपली आहे.