गाडी कशी आहे, हे कुणाला विचारावं?

(स्नेहमेळाव्यात १९९६ च्या दहावी 'ब' तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक आणि पुढची पिढी'. मी हो म्हटलं होतं. पण काल रात्री पंगतीत बघते तर निम्म्या लोकांचा विषय एकच: थार घ्यावी का? कुणाच्या मुलाला हवीय, कुणाला स्वतःलाच हवीय आणि मुलाचं नाव पुढे करतोय. माझ्याकडे ती आहे म्हणून प्रत्येकजण येऊन विचारत होता, "कशी आहे गं गाडी?" दहा जणांना दहा अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा आज माईक हातात आहे तर एकदाच नीट सांगते. संगणकाचं पुढच्या मेळाव्याला.

आधी मी ती का घेतली ते सांगते. आमचं गाव राधानगरी तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. डांबरी रस्ता संपला की घरापर्यंत अडीच किलोमीटर लाल मातीची वाट. मध्ये एक ओढा, पुढे एक खडी चढण. उन्हाळ्यात कुठलीही गाडी जाते. पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा विचार करून जाते. २०२२ च्या जुलैत बाबांना पहाटे श्वास घ्यायला त्रास सुरू झाला. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत आली, पुढे येणं शक्यच नव्हतं. भावकीतल्या चौघांनी बाबांना खुर्चीला बांधून खाली नेलं. पाऊण तास लागला. आठ दिवसांनी बाबा गेले. तो पाऊण तास वाचला असता तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

आई पुण्याला यायला तयार नव्हती. तेव्हा मी ठरवलं, त्या चढणीवर पावसात चढेल अशी गाडी घ्यायची. वाट अरुंद, म्हणून गाडी आटोपशीर हवी. चढ खडा, म्हणून कमी फेऱ्यांवर ओढणारं डिझेल इंजिन हवं. आणि चारही चाकांना ताकद हवी. जिमनी आवडली होती, पण ती आपल्याकडे फक्त पेट्रोलवर मिळते. गुरखाही पाहिली. शेवटी थारवर येऊन थांबले. ती नाशिकला तयार होते याचंही थोडं कौतुक होतंच.

मग मी सगळे इंजिनीअर करतात तेच केलं. एक्सेल शीट उघडली आणि ज्यांच्याकडे ही गाडी आहे अशा ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली. ऑफिसमधले, सोसायटीतले, नवऱ्याचे मित्र, आणि आपल्या वर्गातला मागच्या बाकावरचा एकजण, जो आत्ता तिथे मागेच बसलाय. सवय जात नाही!

महिनाभरात शीट भरली आणि मला काहीच कळेनासं झालं. एकजण म्हणाला, "राणी आहे राणी." दुसरा म्हणाला, "पाठीचा खुळखुळा झाला." कुणी सांगितलं कुठेही चढते, कुणी सांगितलं साध्या चिखलात रुतली. या सगळ्यांची सरासरी काढली असती तर गाडीला पाचपैकी साडेतीन मिळाले असते, आणि त्या साडेतीनचा माझ्या चढणीला काडीचाही उपयोग नव्हता.

तेव्हा मला आपल्या विज्ञानाच्या सरांची आठवण झाली. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे असायचे. मी एकदा निरीक्षणात 'द्रावण आम्लधर्मी आहे' असं लिहिलं होतं. सरांनी लाल शाईनं फुली मारून विचारलं, "हे तू पाहिलंस का? तू पाहिलंस ते निळा लिटमस तांबडा झालेला. बाकीचं तू ठरवलंस." सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, ती वही मी अजून ठेवलीय.

माझी सगळी शीट अनुमानांनी भरली होती. निरीक्षण एकही नव्हतं. मग मी त्याच लोकांना पुन्हा फोन केले आणि 'कशी आहे' हा प्रश्नच विचारायचा नाही असं ठरवलं. तीनच प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: तुमची गाडी नेमकी कोणती? इथेच निम्मा गोंधळ मिटला. थार हे एकच नाव, पण गाड्या वेगळ्या. २०१० साली आलेल्या जुन्या थारला मागे पाटे होते. पाठीची तक्रार करणारा त्या गाडीचा मालक निघाला. २०२० साली आलेल्या नव्या गाडीला मागेही कॉइल स्प्रिंग आहेत. ती कडक आहेच, पण तेवढी नाही. पुढे २०२३ च्या जानेवारीत तिचीच स्वस्त आवृत्ती आली. दीड लिटरचं डिझेल इंजिन, पण ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. चार मीटरच्या आतली लांबी आणि दीड हजार सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलं की कर कमी बसतो, म्हणून ती स्वस्त. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. "चिखलात रुतली" म्हणणाऱ्याकडे तीच होती. त्याच्या गाडीत फोर-व्हील-ड्राइव्ह नव्हताच, आणि त्याच्या मतावरून मी २.२ लिटरच्या चारचाकी ताकदीच्या गाडीला नापास करायला निघाले होते! आता तर पाच दारांची रॉक्सही आहे. तेव्हा कुणी "थार वापरतो" म्हणाला की आधी विचारा, कुठली?

दुसरा प्रश्न: गिअरशेजारचा दुसरा दांडा शेवटचा कधी वापरलात, आणि कुठे? बऱ्याच जणांकडून उत्तर आलं, "डिलिव्हरी घेताना दाखवला होता." म्हणजे त्यांचं मत होतं ते पुण्या-मुंबईच्या रस्त्यावरच्या एका उंच, रुबाबदार गाडीबद्दल. त्यात चूक काही नाही, पण ते माझ्या कामाचं नव्हतं. एकानं तर डांबरी रस्त्यावर पावसात 'सेफ राहावं म्हणून' महिनाभर फोर-व्हीलमध्येच गाडी चालवली होती, आणि वळताना ती अडखळते अशी त्याची तक्रार होती. अडखळणारच. या गाडीत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये डिफरन्शियल नाही, फोर-व्हील लावला की दोन्ही एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, घट्ट डांबरावर निघत नाही आणि सगळा ताण गाडीच्या यंत्रणेवर येतो.

तिसरा प्रश्न: एकदा तुमच्या गाडीत बसून माझ्या गावाला येता का? याला 'हो' म्हणणारा एकच निघाला. मागच्या बाकावरचा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, आम्ही गेलो. चालवत मी होते. वाटेच्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा माझ्या जुन्या गाडीच्या पोटाला घासायचा. ही २२६ मिलिमीटर उंच, अलगद वरून गेली. ओढ्यात मी आधी काठी घालून बघितली, पाणी गुडघ्याच्या खाली होतं. कंपनी ६५० मिलिमीटरपर्यंत पाण्यातून जाईल म्हणते, पण तो आकडा वाहत्या पाण्याला लावायचा नाही. प्रवाहाला ओढ असली तर त्याहून कमी पाणीही गाडी वाहून नेऊ शकतं. पुढे चढण आली आणि माझ्यातला शहाणपणा जागा झाला. म्हटलं, जाईल तशीच. निम्म्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, गाडी तिरकी झाली. हा पठ्ठ्या शेजारी शांत बसून शेंगा खात होता. म्हणाला, "दांडा चिखलात शिरायच्या आधी टाकायचा असतो. आता थांब, क्लच दाब, फोर-एल टाक, पहिला गिअर, आणि पाय हळू सोड." फोर-एलमध्ये चाकांवरची ओढ सुमारे अडीच पट होते, वेग तेवढाच कमी. गाडी म्हशीसारखी संथ, पण न थांबता वर गेली. उतरताना दुसरा धडा मिळाला: चार चाकांची ताकद चढायला आणि निघायला आहे, थांबायला नाही. ब्रेक मारला की ही गाडीही इतर गाड्यांसारखीच घसरते. उतारावर फोर-एल, पहिला गिअर, आणि ब्रेकवरचा पाय उचललेला.

दारात पोचलो तेव्हा मला रडू आलं. आई बाहेर आली, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या उंच मी कशी चढू?"

सगळं तपासलं होतं, हे एकच नव्हतं. आई बहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. मागच्या सीटवर जायला स्वतंत्र दारच नाही, पुढची सीट पाडून आत शिरायचं. पुढे बसायचं तरी पाय बराच उचलावा लागतो. शेवटी घरातलं स्टूल लावलं, दाराजवळचं हँडल धरून ती पुढच्या सीटवर चढली. आता बाजूला रुंद फूटस्टेप लावून घेतलीय आणि स्टूल कायम गाडीतच असतं. तुमच्या घरात वयस्कर माणूस असेल तर शोरूममध्ये आधी त्यांना घेऊन जा. इंजिन नंतर बघा.

त्याच रात्री आईनं दुसरा प्रश्न विचारला. "ही गाडी तू पुण्यात ठेवणार, आणि मला रात्री काही झालं तर?" माझ्या शीटमध्ये सतरा रकाने होते. 'गाडी उभी कुठे राहणार' हा रकाना नव्हता.

म्हणून आज गाडी माझ्या नावावर आहे आणि चावी गावात चुलत भावाकडे. त्याला मी फोर-एल शिकवलं, आता तो माझ्यापेक्षा बरा चालवतो. एक अडचण आली. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. रोज दोन-चार किलोमीटरच गाडी फिरली की ती तुंबते. काजळी जळायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग, बऱ्या वेगानं चालावी लागते. तेव्हा दर गुरुवारी भाऊ आईला घेऊन कोल्हापूरला जातो. आईची औषधं येतात, अंबाबाईचं दर्शन होतं, आणि काजळीही जळते. आईला वाटतं गाडी तिच्यासाठी जाते. भावाला वाटतं डीपीएफसाठी. दोघंही खूश आहेत.

गेल्या पावसाळ्यात वाडीतल्या एका सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. भाऊ तिला खाली घेऊन गेला. किती वेळ लागला ते मी मुद्दाम विचारून घेतलं. चौदा मिनिटं.

आता तुम्ही विचाराल, "मग घ्यावी का?" ते मी सांगणार नाही. निरीक्षणं सांगते. लिटरला अकरा-बारा किलोमीटर देते. मागची सीट वर असताना दोन पिशव्यांपलीकडे सामान मावत नाही. हायवेवर वाऱ्याचा आवाज येतो. २०२० साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला प्रौढ आणि मुलं दोन्हींसाठी चार तारे मिळाले होते. आमची चढण ती तीन पावसाळे चढलीय. अनुमान तुमचं तुम्ही काढा, तुमचा रस्ता बघून, आणि गाडीत कोण बसणार ते बघून.

आणि एक. रस्ता नाही म्हणून ही गाडी आहे, हे मला ठाऊक आहे. सगळ्यांना काही अशी गाडी घेता येणार नाही. अडीच किलोमीटरच्या रस्त्यासाठी आमचा अर्ज पडून आहे. आपल्या तुकडीतले दोघंतिघं सरकारी खात्यांत आहेत, अर्ज कसा पुढे सरकवायचा ते त्यांनी जेवणानंतर मला सांगावं. तो रस्ता झाला तर ही गाडी विकताना मला मुळीच वाईट वाटणार नाही.

सर, निरीक्षण आधी लिहिलंय. अनुमान शेवटी. बघा, बरोबर जमलंय का.