जलपरीचा विमा कोण काढणार?

टर्म इन्शुरन्सच्या भागानंतर जे प्रश्न आले ते बहुतेक माझ्यासारख्यांचेच होते. पगारदार, कंपनीचा ग्रुप विमा असलेले, आणि तरी घाबरलेले. आज जिच्याबद्दल बोलणार आहे तिला पगारच नाही. माझी मावसबहीण, जळगावची, वय चोवीस. ती जलपरी आहे.

हसू नका. मीपण हसलो होतो, आणि त्याची लाज वाटते म्हणूनच हा भाग करतोय. तिची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घेणार नाही.

तर आपल्याकडे आनंद मेळा लागतो ना मैदानावर, आकाशपाळणा, ब्रेकडान्स, मौत का कुआँ, बाहेर भल्यामोठ्या पापडाचा स्टॉल. त्यात हल्ली काचेची मोठी टाकी असते. आत निळे दिवे, आणि शेपटी लावलेल्या मुली पोहतात, काचेला हात लावून पोरांना फ्लाइंग किस देतात. मोठ्या शहरांत त्यासाठी परदेशातून कलाकार आणतात. लहान मेळ्यांत आपल्याकडच्या चांगल्या पोहणाऱ्या मुली. माझी बहीण मामांच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकली, पुढे जिल्ह्याच्या स्पर्धांत गेली, बी.कॉम. झाली, नोकरी लागेना. मग हे. दिवाळीनंतर सीझन सुरू होतो, मे संपला की संपतो. एका शोला आठ-दहा मिनिटं, दिवसाला दहा-बारा शो, पैसे दिवसावर. कागद काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मॅडम धुळे 20 दिवस, राहणं-जेवण आमचं' हाच करार.

मागच्या वर्षी ती धुळ्याला होती. सातव्या-आठव्या दिवशी कान ठणकायला लागला. तिने कापूस घालून अजून दोन दिवस काढले. शेवटी डॉक्टरकडे गेली तर कानाचा पडदा फाटलेला, वर इन्फेक्शन. सहा आठवडे पाण्यात जायचं नाही. मेळेवाल्याने झालेल्या दिवसांचे पैसे दिले, प्रामाणिकपणे दिले, आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आणली. मी तिला आणायला गेलो. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव, जेमतेम शंभर किलोमीटर. सगळा रस्ता तिने उजवा कान माझ्याकडे केला होता, कारण डाव्याने ऐकू येत नव्हतं.

एरंडोलच्या पुढे ती सहज म्हणाली, "दादा, कानाचं काय नाही रे. एकदा मी वर कधी आले तेच मला आठवत नाही. कडेच्या पोऱ्याने शेपटीला धरून ओढलं म्हणे." आणि हसली.

मी गाडी बाजूला घेतली.

हे काय असतं ते मी नंतर वाचलं. पाण्यात जायच्या आधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटणं हे मुख्यतः त्याच्यावर चालतं, ऑक्सिजनवर नाही. त्यामुळे माणसाला वाटतं आपण आरामात थांबू शकतो, आणि ऑक्सिजन खाली जाऊन तो काही न कळता बेशुद्ध होतो. उथळ पाण्यातसुद्धा. चांगल्या पोहणाऱ्यांना जास्त धोका, कारण त्यांना सवय असते दम रोखायची. त्यात दोन्ही पाय एका शेपटीत बांधलेले.

घरी आल्यावर विम्याचा विषय निघाला. आजी म्हणाली, "पोर पानीमा उतरस, तिले इमा नही, लाइफ जॅकेट लई द्या." आजीचं बरोबरच होतं, पण त्याकडे नंतर येतो.

मावशीने कुटुंबाची आरोग्य पॉलिसी काढलेली होती. कानाचा खर्च त्यात बसला नाही, कारण अ‍ॅडमिट व्हावं लागलं नाही, सगळं ओपीडीत. ठीक आहे, तो नियमच आहे. पण मी पॉलिसी उघडली तर बहिणीचा व्यवसाय: विद्यार्थिनी. तीन वर्षं झाली होती कॉलेज सोडून. ओळखीच्या एजंटला विचारलं की बदलायचं कसं, तर तो म्हणाला, "कशाला भाऊ, असू द्या. नाहीतर डान्स टीचर टाका."

इथे मी थोडा माझ्या धंद्याचं बोलतो. मी फॉर्म बनवतो. दिवसभर तेच काम, लोक भरतात ते फॉर्म. व्यवसायाच्या ड्रॉपडाउनमध्ये तीस-चाळीस पर्याय टाकायचे आणि शेवटी 'इतर'. आम्हाला माहीत असतं की जे आम्हाला सुचलं नाही ते सगळं या 'इतर'मध्ये जाणार. आमच्या लेखी तिथे काम संपतं. विम्यात मात्र खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. क्लेम येतो तेव्हा कोणीतरी माणूस बसून बघतो की 'इतर' म्हणजे नक्की काय, आणि आधी सांगितलं होतं का. खोटं 'डान्स टीचर' लिहून प्रीमियम भरत राहिलात तर दर महिन्याला तुम्ही कंपनीच्या हातात क्लेम नाकारायचं कारण देत असता, वर त्याचे पैसेही तुम्हीच भरता.

आता पॉलिसीत काय लिहिलेलं असतं ते. आरोग्य विम्यात काय बसत नाही त्याची भाषा आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आहे. त्यातला नऊ क्रमांकाचा कोड धोकादायक आणि साहसी खेळांचा. पॅरा-जंपिंग, रॉक क्लाइंबिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत, घोड्यांची शर्यत, स्कूबा, खोल समुद्रातलं डायव्हिंग वगैरे. पण दोन शब्द नीट बघा. एक, 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतला तर. म्हणजे तुम्ही गोव्याला मजेत एकदा केलं तर वेगळं, पोटासाठी रोज केलं तर वेगळं. दुसरं, 'यांच्यासह, पण एवढ्यापुरतंच मर्यादित नाही'. आमच्या भाषेत हा डीफॉल्ट केस. मेळ्यातल्या टाकीत श्वास रोखणं खेळ आहे की कला आहे, यावर ती पॉलिसी गप्प आहे, आणि ती गप्प असणं तुमच्या बाजूचं आहे असं धरून चालू नका.

वैयक्तिक अपघात विम्यात तर जुनी तीन वर्गांची पद्धत आहे. पहिल्यात डॉक्टर, वकील, हिशेबनीस, म्हणजे खुर्चीवरचे. दुसऱ्यात बांधकाम, अंगमेहनत. तिसऱ्यात खाणीत जमिनीखाली काम करणारे, स्फोटकं हाताळणारे, हाय टेन्शन विजेवर काम करणारे, जॉकी, आणि सर्कशीतले लोक. हो, सर्कस नावानिशी आहे! 1880 च्या सुमारास विष्णुपंत छत्र्यांनी आपल्याकडे सर्कस उभी केली, तिची दखल विम्याच्या फॉर्मने घेतली. आनंद मेळ्याची अजून नाही. पण मला ते वाचून बरं वाटलं. तिसरा वर्ग म्हणजे नकार नव्हे, जास्त प्रीमियम. म्हणजे जागा आहे, आपण मागायला हवी.

अजून एक पेच. 'अपघात' या शब्दाची व्याख्या: अचानक, अनपेक्षित, आपली इच्छा नसताना, बाहेरच्या, दिसणाऱ्या, जोरकस कारणाने घडलेली घटना. बुडणं त्यात बसतं. टाकीच्या पंपाचा शॉक बसतो. रोज क्लोरीनच्या पाण्यात राहून झालेलं कानाचं इन्फेक्शन बसत नाही, तो आजार. आणि स्वतः श्वास रोखल्याने बेशुद्ध पडणं? यावर दोन वकील तासभर भांडतील.

मग आम्ही काय केलं. आधी जे व्यवसाय विचारतच नाहीत ते घेतलं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, बँक खातं हवं. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा गेला तर 1 लाख. वर्ष 1 जून ते 31 मे, मेच्या शेवटी पैसे आपोआप कापतात. खात्यात तेवढेही नसले तर संरक्षण बंद. तिचा सीझन तेव्हाच संपतो, आणि खातं बऱ्याचदा रिकामं असतं. आता तिच्या फोनमध्ये 24 मेचा अलार्म आहे. आणि बुडण्याच्या घटनेत पोलिसांत नोंद लागते, हे मेळ्यावर कुणालाच माहीत नव्हतं. तिथे पहिली घाई प्रकरण मिटवायची असते.

दुसरं, महात्मा फुले जन आरोग्य योजना. आता ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, ठरलेल्या यादीतल्या उपचारांना. अट अ‍ॅडमिट होण्याची. पण तिथे कुणी विचारत नाही की बाई, तुम्ही शेपटी का लावली होती. तिसरं, ई-श्रम कार्ड. असंघटित कामगार म्हणून नोंद, त्याने लगेच हातात काही पडत नाही, पण सरकारदरबारी ती 'विद्यार्थिनी' राहिली नाही.

हे सगळं धरूनसुद्धा सहा आठवडे बसून राहण्याचे पैसे कुठूनच येत नाहीत. त्यासाठी अपघात विमाच. 'सरल सुरक्षा विमा' नावाची ठरावीक साच्याची पॉलिसी 2021 पासून आहे, त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा पर्याय जास्तीचे पैसे भरून घेता येतो. विमा रकमेच्या 0.2 टक्के दर आठवड्याला. 10 लाखांवर 2 हजार रुपये आठवड्याला. फार नाही, पण खोलीचं भाडं निघतं.

मी तीन कंपन्यांना ईमेल केले. एकीचं उत्तर नाही. दुसरीने विचारलं की त्या स्विमिंग कोच आहेत का. तिसऱ्या कंपनीतून एका बाईंचा फोन आला, त्यांनी हसल्याशिवाय विचारलं: टाकी किती खोल, एका दमात किती वेळ, कडेला कोण उभं असतं, शेपटी किती सेकंदांत निघते? मी बहिणीकडे बघितलं. तिला पहिल्या दोनची उत्तरं माहीत होती.

अमेरिकेत फ्लोरिडात वीकी वाची म्हणून झरा आहे, तिथे 1947 पासून जलपऱ्यांचा शो चालतो. त्या पाण्याखाली रबरी नळीतून श्वास घेतात, दम रोखून शो भरत नाहीत. 2008 मध्ये ते राज्याचं उद्यान झालं आणि जलपऱ्या सरकारी नोकर झाल्या. हे मी बहिणीला सांगितलं तर म्हणाली, "दादा, आपल्याकडे आधी टॉवेल मिळू दे."

पण त्या बाईंच्या चार प्रश्नांचा आम्ही एक कागद केला. टाकीची खोली, पाण्यात राहायची वेळ, दोन शोमधली विश्रांती, कडेला पोहता येणारा एक माणूस ज्याचं दुसरं काही काम नाही, शेपटीची चेन मागून एका ओढीत निघेल अशी, पंपाला अर्थ लीकेज ब्रेकर. खाली तारीख, मेळेवाल्याची सही. आजीचं लाइफ जॅकेट ते हेच. मेळेवाला आधी कुरकुरला. मग त्याला सांगितलं की उद्या काही झालं तर हा कागद तुझ्याही कामाचा आहे. त्याने सही केली, आणि कडेला जो पोऱ्या तिकिटंही फाडायचा त्याचं तिकिटाचं काम काढून घेतलं.

मला एक गोष्ट खटकत राहते. आपल्या रावेर-यावलच्या केळीला हवामानाचा विमा आहे. थंडी ठरलेल्या आकड्याखाली गेली किंवा उन्हाळा वर गेला, सलग तेवढे दिवस, की भरपाईचा हिशेब. घडाला कुणी विचारत नाही की तू उन्हात का उभा होतास. त्यातही भरपाईवरून दरवर्षी भांडणं होतात, माहीत आहे. तरी आकडा तर ठरलेला आहे. दमाचा, कानाचा, बुडालेल्या दिवसांचा आकडा कुणी ठरवलेला नाही.

त्या बाईंच्या कंपनीने शेवटी तिसऱ्या वर्गात, वाढीव प्रीमियमने अपघात पॉलिसी दिली. व्यवसायाच्या रकान्यात आम्ही सांगितलं तसं लिहून आलं: 'जलमंचावरील कलाकार, काचेची टाकी'. श्वास रोखून आलेल्या बेशुद्धीचं काय, हे आम्ही लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. आलं की सांगेन. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही, हे फोनमध्ये लिहून ठेवा.

मावशीच्या पॉलिसीतलं 'विद्यार्थिनी'ही बदलायला दिलंय. एजंट नाराज आहे.

ती सध्या परत धुळ्याला आहे. परवा रात्री फोन आला, मागे आकाशपाळण्याचं गाणं चालू. म्हणाली, कडेच्या पोऱ्याला आता पोहता येतं, तिनेच शिकवलं, सकाळी टाकी रिकामी असते तेव्हा.