अकरावीची निवड : प्रतिष्ठेची की प्रकृतीची?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आज ज्या मुलामुलींचा येथे सत्कार झाला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. गुणपत्रिकेवरील आकडे हे त्यांच्या श्रमाचे फळ होय. त्याचा आनंद घरच्यांनी मानावा हे उचितच आहे. परंतु पुष्पगुच्छ घेऊन घरी गेल्यावर प्रत्येक घरात एक प्रश्न उभा राहतो, तो असा की, मुलाने अकरावीस कोणते विषय घ्यावेत? या प्रश्नाचे उत्तर आमच्यात बहुधा शेजारच्या मुलाने काय घेतले यावरून ठरते. ते तसे ठरू नये, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या समाजाच्या परिस्थितीचा विचार करू. आगर म्हणजे मिठाचे वा भाताचे शेत. त्यावरून आपणांस आगरी म्हणतात. माणकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ या आपल्या गावांत जेथे भाताची खाचरे होती, तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. जमीन विकून वा भाड्याने देऊन काही घरांत पैसा आला, काहींत आला तसा निघूनही गेला. पूर्वी मुलगा शाळेत मागे पडला तरी शेत त्यास पोटाशी धरीत असे. आता तो आधार उरलेला नाही. गोदामाच्या दाराशी पहारा करणे अथवा माल चढविणे यांतही कमीपणा नाही. परंतु ज्याच्या बापाची ती जमीन, त्याच्या मुलाने त्याच जमिनीवर केवळ हमाली करावी, हे आपणांपैकी कोणास रुचेल? म्हणून अकरावीची निवड ही आपल्यासाठी केवळ शाळेची बाब नाही, ती वतनाची बाब आहे.

विषय निवडता येणे हे भाग्य सर्वांस नेहमीच लाभलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा होती. परंतु अस्पृश्य म्हणून तो विषय त्यांना नाकारण्यात आला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केला. ज्या हक्कासाठी एवढ्या थोर पुरुषास झुरावे लागले, तो हक्क आज आपल्या मुलांच्या हाती आहे. तो आपण 'लोक काय म्हणतील' या वाक्याच्या स्वाधीन करावा काय?

आमच्याकडे एक अलिखित नियम रूढ आहे. नव्वदच्या वर टक्के मिळाले की विज्ञान, त्याखाली वाणिज्य, आणि जो उरला तो कला! हा नियम कोणत्याही मंडळाने केलेला नाही, परंतु वेदवाक्याप्रमाणे पाळला जातो. टक्के हे मागील परीक्षेचे माप होय. पुढील आयुष्याचे नव्हे. भाषा आणि समाजशास्त्रांत मिळविलेल्या गुणांनी टक्केवारी चढते, आणि त्या टक्क्यांच्या बळावर मुलगा भौतिकशास्त्राच्या वर्गात जाऊन बसतो. दोन वर्षे शिकवणीवर्गाचे मोठे शुल्क भरले जाते, आणि बारावीच्या अखेरीस मुलाच्या हाती बेताचे गुण व मनात न्यूनगंड एवढेच उरते. तीन तपांहून अधिक काळ वर्गात उभे राहून आम्ही हे पुनःपुन्हा पाहिले आहे.

मग निवड करावी कशी? आमच्या मते तीन गोष्टी तपासाव्यात : आवड, कुवत आणि वाट.

आवड म्हणजे मुलास काय ऐकावयास गोड वाटते ते नव्हे. कोणी न सांगता तो काय करतो, ते पाहावे. बिघडलेला पंखा उघडून बसणारा, दुकानाचा हिशेब तोंडी करणारा, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा, अशी मुले आपापली आवड स्वतःच सांगत असतात. ऐकणारे कान मात्र हवेत.

कुवत म्हणजे एकूण टक्के नव्हेत. गुणपत्रिका विषयवार वाचावी. गणित व विज्ञान यांत मुलगा स्वतःच्या समजुतीने सोडवितो की पाठांतराने तरतो, हे त्याच्या शिक्षकास विचारावे. शिक्षक खरे तेच सांगतील.

वाट म्हणजे कोणत्या विषयाने पुढील कोणते दरवाजे उघडे राहतात आणि कोणते बंद होतात. हा भाग आम्ही थोडा विस्ताराने सांगतो, कारण अज्ञान येथेच अधिक आहे.

विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घेतल्यावर गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही, हा मुख्य प्रश्न असतो. अभियांत्रिकीची वाट गणितावरून जाते आणि वैद्यकाची जीवशास्त्रावरून. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतही हे दोन गट वेगळे असून त्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा सुमारे २० टक्के असतो. तेव्हा अकरावीचे वर्ष विश्रांतीचे आहे ही समजूत घातक होय. वैद्यकीय प्रवेश तर 'नीट' या देशव्यापी परीक्षेवरच अवलंबून आहेत. औषधनिर्माणशास्त्रास गणित वा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. वास्तुशास्त्रास आणि विमानचालनास मात्र गणित हवे. ज्या मुलाचा निश्चय झालेला नाही, पण दोन्ही पेलण्याची ताकद आहे, त्याने दोन्ही घ्यावेत. ज्यास ती ताकद नाही, त्याने केवळ भीतीपोटी दोन्हीचे ओझे उचलू नये.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यास पुढे कायदा, कला आदी शाखांकडे वळता येते. उलट दिशेने येणे जवळजवळ अशक्य असते. हे खरे आहे. परंतु केवळ या कारणासाठी नावडते विज्ञान घेणे म्हणजे कधीतरी लागेल म्हणून न पेलणारा नांगर खांद्यावर घेऊन फिरणे होय.

वाणिज्य शाखेविषयी आपल्या गावांनी अधिक गांभीर्याने विचार करावा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. गोदामात येणाऱ्या आणि जाणाऱ्या मालाचा हिशेब, कराची विवरणपत्रे, भाडेकरार, बँकेचे व्यवहार ही सर्व कामे आपल्या अंगणात चालली आहेत. ती करणारे आपले किती आहेत? पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन या विषयांबरोबर वाणिज्य शाखेतही गणित घेता येते, आणि ज्यास सनदी लेखापाल व्हावयाचे आहे त्याने ते घ्यावे असे आम्ही आग्रहाने सांगू. सनदी लेखापालाच्या पायाभूत परीक्षेस कोणत्याही शाखेचा बारावी विद्यार्थी बसू शकतो, पण त्यात गणिताची पत्रिका असतेच.

आणि कला शाखा? तिला 'उरलेल्यांची शाखा' म्हणणाऱ्यांनी आपल्याच समाजाचा इतिहास आठवावा. लोकनेते दि. बा. पाटील हे वकील होते. जासई परिसरात १९८४ साली शेतकऱ्यांनी रक्त सांडले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. त्या लढ्यामागे रस्त्यावरचे धैर्य होते, तसेच कायद्याचे ज्ञानही होते. सातबारा, फेरफार, संपादनाची नोटीस हे कागद वाचणारा माणूस घरात नसला, तर जमीन कशी जाते हे या सभागृहात कोणास सांगावयास नको. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी यांचा मनापासून अभ्यास करणाऱ्यास कायदा, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, अध्यापन, पत्रकारिता या वाटा मोकळ्या आहेत. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कोणत्याही शाखेतून घेता येतो.

अकरावीशिवायही मार्ग आहेत, हे विसरू नये. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. माटुंग्याची व्हीजेटीआय ही १८८७ साली स्थापन झालेली संस्था वस्त्रतंत्राच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. मागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या मुलाने मागाचे शास्त्र शिकावे, यासारखी शोभणारी गोष्ट नाही.

कोणी म्हणेल की सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय माणसास जन्मभर बांधतो काय? तसे नाही. महाडजवळील नाते या गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, तेव्हा संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला, पुढे सनदी सेवेत शिरले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रीही झाले. संस्कृत, वनस्पतिशास्त्र आणि अर्थकारण एकाच माणसात सुखाने नांदले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाखांमधील भिंती कमी करण्याचा विचार मांडला आहे. तथापि प्रवेश परीक्षांची दारे आजही विषय पाहूनच उघडतात. म्हणून भिऊ नये, परंतु बेसावधही राहू नये.

आता दोन शब्द पालकांसाठी. मुलीस 'जवळच्या महाविद्यालयात जे असेल ते' आणि मुलास 'पाहिजे ते', हा भेद सोडा. गणितात मुलगी पुढे असेल, तर ठाण्याच्या बसभाड्याने तिचे गणित अडू देऊ नका. तसेच २०२५ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने होत आहेत. त्या वर्षीच्या नियमानुसार दहापर्यंत पसंती देता येत होत्या, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्या बंद होत होत्या. यास्तव पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्यावर सोपवू नका. त्या वर्षाचे नियम वाचून, मुलासमवेत बसून तो भरा.

मंडळास आमची एक विनंती आहे. सत्काराची शाल महत्त्वाची आहेच; परंतु निकालानंतरचे आठ दिवस सायंकाळी हे सभागृह उघडे ठेवावे, आणि समाजातील वकील, लेखापाल, परिचारिका, अभियंते, तलाठी, शिक्षक यांनी तेथे बसून मुलांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. यास खर्च नाही, फक्त वेळ लागतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पूर्वजांनी खाऱ्या पाण्याला बांध घालून शेते केली. कोणत्या जमिनीत कोणते भात येईल हे त्यांना ठाऊक होते. शेजाऱ्याने पेरले म्हणून त्यांनी खाऱ्या जमिनीत गोड्या पाण्याचे बी पेरले नाही. तुम्हीही आपली जमीन ओळखा आणि मग पेरा.