आपली लढाई माणसांशी नाही

(पाड्यांवरील विश्वासणारे व कार्यकर्ते यांच्यासाठीच्या शिबिरातील भाषण)



आज आपण इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडला आहे. १० ते १८ ही वचने आपल्यापैकी अनेकांना पाठ आहेत. कंबरपट्टा, उरस्त्राण, पादत्राणे, ढाल, शिरस्त्राण आणि तलवार अशी शस्त्रसामग्री तेथे सांगितली आहे. पण शस्त्र हाती घेण्यापूर्वी शत्रू कोण हे ओळखावे लागते. नाहीतर आपलाच माणूस जखमी होतो.

हे पत्र ज्यांना लिहिले ते कोठे राहत होते? इफिस हे मोठे बंदर होते. अर्तमी देवीचे प्रसिद्ध मंदिर तेथे होते आणि मंत्रतंत्राचा धंदाही जोरात चाले. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ मध्ये आपण वाचतो की, तेथील जादूटोणा करणाऱ्या पुष्कळांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली. त्यांची किंमत ५०,००० रुपयांची, म्हणजे चांदीच्या नाण्यांची, भरली. एक नाणे म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. केवढे नुकसान त्यांनी सोसले! पण लक्षात घ्या, त्यांनी पुस्तके जाळली, माणसाला हात लावला नाही. आणि जाळली तीही स्वतःची, शेजाऱ्याच्या घरातली नव्हेत.

त्याच लोकांना पौल सांगतो की, आपले झगडणे रक्तमांसाच्या माणसाशी नाही. हे वचन आपल्या सातपुड्यात किती गरजेचे आहे ते तुम्हांला ठाऊक आहे. पाड्यावर एखादे मूल दगावते, बैल मरतो, आणि कोणीतरी एका बाईचे नाव घेते. ती डाकीण ठरते. पुष्कळदा ती विधवा असते, एकटी असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. त्या वेळी खरी आत्मिक लढाई सुरू होते. सैतान कोठे असतो? त्या म्हातारीच्या झोपडीत नव्हे, तर काठ्या घेऊन निघालेल्या जमावाच्या भीतीत आणि द्वेषात असतो. विश्वासणाऱ्याची जागा त्या बाईच्या दारात आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा, तिच्याजवळ उभे राहा आणि पोलिसांना कळवा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ गुन्हा ठरवला आहे. कायद्याची मदत घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे.

जो शेजारी आपल्या उपासनेला येत नाही, आपल्या रीतीने होळी करतो, तोही आपला शत्रू नाही. त्याच्या घरी दुःख झाले तर पहिली घागर आपल्या घरून गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट आजाराची. सांधे ठणकतात, लेकरू वारंवार आजारी पडते, रक्त कमी होते. कोणी म्हणते, करणी झाली. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. तो आईबापांकडून रक्तातून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. यात कोणाची नजर नाही, कोणाचे पाप नाही. म्हणून प्रार्थना करा आणि रक्त तपासून घ्या. आजाऱ्यावर हात ठेवा, पण त्याच्या हातातली गोळी काढून घेऊ नका. लूक हा वैद्य होता आणि पौलाचा प्रिय सोबती होता, हे विसरू नका.

मग रोजची तयारी कशी करावी? सत्याचा कंबरपट्टा म्हणजे हिशेबात खरे बोलणे. मुकादमाकडून उचल घेतली तर किती घेतली हे नवऱ्याने बायकोला सांगावे आणि दोघांनी वहीत लिहून ठेवावे. लपवलेली उचल, लपवलेली बाटली, येथूनच शत्रू घरात शिरतो. शांतीची पादत्राणे म्हणजे भांडण झाले तर सूर्य मावळण्याआधी स्वतः चालत जाणे. समोरच्याने यावे म्हणून वाट पाहू नये.

विश्वासाच्या ढालीसाठी पौलाने वापरलेला मूळ शब्द दारावरून आला आहे. रोमी शिपायाची ती ढाल दारासारखी मोठी असे. शिपाई शेजारीशेजारी उभे राहून ढालीला ढाल भिडवत, तेव्हा बाण आत येत नसे. एकट्याची ढाल एकच बाजू झाकते. दिवाळीनंतर आपले लोक कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. परमुलखात, पालात, थकल्या अंगाला दारूचा मोह होतो. म्हणून निघण्याआधीच ठरवा की, आपल्या टोळीत रात्री कोण कोणाबरोबर प्रार्थनेला बसणार. जे मागे राहतात, त्यांनी गेलेल्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी आणि त्यांच्या म्हाताऱ्यांकडे व शाळेतल्या मुलांकडे पाहावे. हीही ढालच आहे.

तलवार म्हणजे देवाचे वचन. रानात परीक्षा झाली तेव्हा प्रभू येशूने तीनही वेळा शास्त्रवचनानेच उत्तर दिले, कारण ते आधीच त्याच्या अंतःकरणात होते. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. आठवड्याला एक वचन पाठ करा, आपल्या बोलीत त्याचा अर्थ एकमेकांना सांगा. मोहाच्या घडीला पुस्तक शोधायला वेळ नसतो.

आणि ती तलवार स्वतःच्या मोहावर चालवायची आहे, सुनेवर किंवा शेजाऱ्यावर नव्हे.

बंधुभगिनींनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. ज्या माणसाला आपण मनात शत्रू ठरवले आहे, त्याचे नाव घेऊन देवाजवळ त्याचे भले मागा. ओठांवर नाव येणार नाही, जड जाईल. तरी मागा. लढाई तेथेच आहे, आणि तेथे प्रभू आपल्याबरोबर उभा आहे.

प्रभू आपणां सर्वांना सामर्थ्य देवो. आमेन.