धुक्यातल्या आल्बाची जत्रा

इटली म्हटलं की लोक रोम, व्हेनिस गाठतात, तेही भर उन्हाळ्यात. खाण्याची खरी आवड असेल, तर ऑक्टोबरात वायव्येकडच्या पिएमोंतेत जावं. लांगे टेकड्यांवर तेव्हा धुकं उतरतं आणि उशिरा पिकणारी नेब्बिओलो द्राक्षं तोडणीला येतात. त्यांची बारोलो वाइन मात्र लगेच मिळत नाही. नियमानं ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात.

याच दिवसांत तिथल्या आल्बा शहरात पांढऱ्या ट्रफलची जत्रा भरते. ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारी बुरशी. तिच्या पांढऱ्या जातीची शेती फारशी साधत नाही, म्हणून शिकवलेली कुत्री रानात हुंगत तिचा माग काढतात, बहुधा रात्रीच. पूर्वी डुकरं नेत. पण ती मुळं उकरतात, वर सापडलेला मालही फस्त करतात! इटलीत आता त्यांना बंदी आहे.

पांढरं ट्रफल शिजवत नाहीत. लोण्यात घोळलेल्या तायारीनवर, म्हणजे अंड्याच्या बारीक शेवयांवर, ते कच्चंच पातळ कापून घालतात. वास उग्र, थोडा लसणाकडे झुकणारा. पहिल्या घासाला सगळ्यांना रुचेलच असं नाही. आणि हो, किंमत ग्रॅमवर लागते. तेव्हा ताटावर कापायला सुरुवात होण्याआधीच भाव विचारून घ्या.