बेट कोणतं, हे कोण ठरवणार?

(चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून तुम्ही सहलीपुरती रक्कम जमवलीत. चारी बाजूंनी समुद्र असलेलं बेट बघायचं, हेही तुमचंच ठरलं. आता तीन नावं पुढं आली आहेत : रामेश्वर, लक्षद्वीप आणि अंदमान. गेल्या बैठकीत तुम्हीच सांगितलंत, की रामेश्वर म्हटलं की घरचे लगेच ‘जा’ म्हणतात. अंदमान म्हटलं की विचारतात, ‘तिथं तुमचं काय काम?’ म्हणजे बाईनं घर सोडायचं ते देवासाठी, माहेरासाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. नुसतं हिंडायला जायचं तर तिनं कारण द्यायचं. पारावर दिवसभर बसणाऱ्याला असं कुणी विचारत नाही.

समाजकार्याच्या शिक्षणात मी भरपगारी रजा हा कामगाराचा हक्क आहे, असं शिकले. पण तो कामगार कारखान्यातला होता. सोयाबीन काढणारी, हळद शिजवणारी आणि घरी येऊन भाकरी थापणारी बाई त्यात नव्हती. तिला रविवारसुद्धा नाही. म्हणून ही सहल म्हणजे चैन नव्हे, तुमची राहून गेलेली रजा आहे.

आता एकेक बेट पाहू.

रामेश्वर सगळ्यांत सोपं आणि स्वस्त. नांदेडहून गाडी मिळते. समुद्रावरच्या पंबन पुलावरून रेल्वे थेट बेटावर जाते. जुना पूल १९१४ चा, नवा २०२५ मध्ये सुरू झाला. जिला भक्तीनं जायचंय तिनं जरूर जावं. पण केवळ परवानगी मिळते म्हणून जाऊ नये.

लक्षद्वीपला आधी प्रवेशाचा परवाना काढावा लागतो, मग कोचीहून बोट. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नको. तिथल्या दहा बेटांवर वस्ती आहे, बहुतेक मुस्लिमांची. त्यांच्यात वंश आईकडून चालतो. परंपरेनं मुलगी लग्नानंतरही आईच्याच घरी राहते, नवरा तिच्याकडे येतो. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी तिथल्या कल्पेनी बेटाचा अभ्यास करून १९६९ साली पुस्तक लिहिलं. ‘मुलगी परक्याचं धन’ हा काही जगाचा नियम नाही, हे तिथं डोळ्यांनी बघता येईल.

अंदमान लांबचं. चेन्नईहून बोटीनं सुमारे तीन दिवस, विमानानं लवकर पण खर्च जास्त. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. तिथलं सेल्युलर जेल १९०६ साली पूर्ण झालं, पण कैदी १८५८ पासूनच नेले जात होते. त्यांत बायकाही होत्या. वसाहत वाढावी म्हणून त्यांची लग्नं पुरुष कैद्यांशी लावत. पुण्याच्या काशीबाई या तरुण विधवेला फसवणुकीतून दिवस गेले. लोकलाजेपायी तिनं मूल मारलं आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा तिला एकटीला झाली. त्यानंतर १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काळं पाणी हा शब्द आपल्याला क्रांतिकारकांमुळे माहीत आहे. त्यात या बायकाही होत्या, हे कुणी सांगत नाही. तिथं गेलात तर त्यांचीही आठवण काढा. आणि एक सांगते : जारवा आदिवासी ही बघायची, फोटो काढायची वस्तू नव्हे. ‘जारवा दाखवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

यातलं कोणतं बेट चांगलं, हे मी सांगणार नाही. मी सांगितलं तर घरच्यांऐवजी ताईनं ठरवलं, एवढाच फरक होईल. तुम्ही चिठ्ठ्या टाका. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी तीन रंगांच्या चिठ्ठ्या करू. त्याआधी तीन गोष्टींचा ठराव घ्या. एक, तारीख हरभरा निघाल्यानंतरची, म्हणजे मजुरी बुडणार नाही. दोन, विधवा आणि टाकलेल्या बहिणींना आधी धरायचं. त्यांचे पैसे कमी पडले तर गटानं उसने द्यायचे. तीन, बरोबर पुरुष माणूस हवाच, ही अट मान्य करायची नाही.

मागं घर कोण बघणार, हा प्रश्न येईलच. आपण बाळंतपणाला, दुखण्याला गेलो तेव्हा घर चाललंच ना? या आठ-दहा दिवसांतही चालेल. भाकरी करायला शिकायला तेवढे दिवस पुष्कळ आहेत.

चला, चिठ्ठ्या वाटा.